मशीनची टक्क

"अगं, आवाज बदललास ते ठीक, पण मशीनचं काय करशील?" नणंद दारातूनच म्हणाली.

"वन्सं, हळू बोला!" टेलरबाईच्या हातातली कात्री थांबली.

नणंदेनं मोबाइल तिच्या कानाशी धरला. ग्रुपवर आलेला निरोप. घसा बसलेली कुणी बाई सांगत होती, "आपला सरकारी दवाखाना मोडून नगरसेवक दुकानं काढतोय. सोमवारी नऊच्या आत, कुलूप लागायच्या आधी, दारात येऊन बसा." आणि मागं शिलाई मशीन. खडखड, खडखड, टक्क!

टेलरबाईनं मशीनकडं पाहिलं. नंबर भाचीचा वापरला, नाव घेतलं नाही. पण हातातलं काम टाकून बोलायची सवयच नाही. तोंडाबरोबर पायही चालत राहिले. नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून अंथरुणाला खिळला, तेव्हापासून घर याच पायांवर. त्याची जखम धुवायची त्याच दवाखान्यात. आणि दुकानाची ही खोली नगरसेवकाच्या मेव्हण्याची!

"ही टक्क गल्लीला पाठ आहे. दुपारची झोप कुणाची मोडली नाहीस तू? पुसून टाक तो निरोप."

"पुसून काय? तुम्हाला कुणी पाठवला?"

"माझ्या दिरानं. दोन गल्ल्या पलीकडून."

तेवढ्यात नगरसेवकाचा मेव्हणाच दारात. नणंद कोपऱ्यात सरकली.

"बाई, ही पँट कमरेत सैल करा. थांबतो मी."

"उद्या दिली तर?"

"आत्ताच." तो स्टूल ओढून बसला. "ग्रुपवरचं ते ऐकलंत? कोण बाई असेल हो?"

"गल्लीत बाया काय कमी आहेत?"

"तेही खरंच. करा सुरू."

मशीन बिघडलंय, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण आज मशीन लपवायचं आणि सोमवारी दवाखान्याच्या दारात कुठल्या तोंडानं बसायचं? तिनं पाय हलवला. खडखड, खडखड, टक्क. तो मान तिरकी करून ऐकत राहिला. शिवण वाकडी गेली. तिनं उसवून पुन्हा घातली.

पँट घेत तो म्हणाला, "सोमवारी नऊलाच ना?"

तिनं मशीनवरचा दोरा तोडला. "नऊच्या आत."

"बरं. खोलीचं महिनाअखेर बघू." तो गेला.

"झालं! आता मशीन कुठं नेशील गं?" नणंदेचा आवाज चिरकला.

"न्यायची वेळ आली की नेऊ. वन्सं, तो बटणांचा डबा द्या इकडं. संध्याकाळी गणवेश न्यायला येतील."

पहिलंच बटण लावताना सुई दोनदा बोटात गेली. तिनं बोट तोंडात धरलं आणि दुसरं बटण उचललं.