जमादारांची चार उत्तरं

जमादारांना उभ्यानं झोप येत असे. आडवं झालं की ती निघून जाई. आमच्या केंद्राच्या व्हरांड्यातल्या खांबाला खांदा टेकवून, पापण्या अर्ध्या मिटून ते झोपत, आणि रांगेत कुणी पुढं घुसलं तर त्याच झोपेतून म्हणत, "मागं." घुसणारा मुकाट मागं जाई. त्या आवाजात धाक नव्हता, राग तर नव्हताच. वाळलेल्या लाकडावर लाकूड ठेवावं, तसा तो कोरडा, हलका आवाज होता.

मी तेव्हा लातूरला एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात समुपदेशक होते. माणसाला त्याचा आजार त्याच्या भाषेत सांगणं आणि त्याच्या तक्रारी विचारून कार्डावर लिहिणं, हे माझं काम. रांगेतले लोक ह्या उंच, सावळ्या माणसाला 'जमादार' म्हणत ते थट्टेनं, तो रांग लावतो म्हणून. तो खरोखरच पोलिसांतला जमादार आहे, हे फक्त मला आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. नेमणूक देगलूरला. त्यांना नांदेड जवळ पडलं असतं. पण तिथं ओळखीची खाकी फार, म्हणून ते उदगीरला गाडी बदलून लातूरला येत. अंगात साधा पांढरा सदरा असे. पायांतले तांबडे बूट मात्र बदलायचे राहून जात, आणि ते खोलीत शिरण्याआधी पॉलिशचा उग्र, तेलकट वास आत येई. एकदा माझी नजर बुटांवर गेलेली पाहून म्हणाले, "ताई, सदरा खोटं बोलतो. बूट अजून शिकले न्हाईत."

त्या वर्षी सलग दुसरा पाऊस हुकला होता. हवेला भाजलेल्या मातीची चव आली होती. कार्डांवर, औषधांच्या डब्यांवर, बसलेल्या माणसांच्या भुवयांवर धुरळ्याचा पातळ थर असे, आणि व्हरांड्यात कुणी फारसं बोलत नसे. बोलत ते जमादार. रक्तातल्या टी-पेशींच्या मोजणीला 'सीडी-फोर' म्हणतात. रांगेत तिचं नुसतं 'सीडी' झालं होतं. शिरूर अनंतपाळकडची एक म्हातारी त्यांना विचारत होती, "बाबा, माझी सीडी निघाली म्हनं. ती टीवीवर लावून बगता येती का?"

"न्हाई मावशी," जमादार गंभीरपणे म्हणाले. "पिच्चर आपलाच हाय, पर आपल्याला दावत न्हाईत."

"तुझा तर चालू असंल थेटरात."

"हाव. रोज तीन खेळ."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी व्हरांड्यात तेवढंच हसू झालं.

माझ्याकडं चित्रांचा एक तक्ता होता. त्यात टी-पेशी म्हणजे हिरव्या गणवेशातले शिपाई आणि विषाणू म्हणजे काटेरी गोळे. हे शिपाई शरीराचं रक्षण करतात, विषाणू त्यांनाच मारतो, म्हणून शिपाई कमी होत जातात, असं मी ज्याला त्याला सांगत आले होते. जमादारांनी तक्ता जवळ ओढला, शिपायांच्या ओळीवरून सावकाश बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यांना सुट्टी कधी असती?"

 ते मी डॉक्टरांना विचारून ठेवलं आणि पुढच्या खेपेला त्यांना सांगितलं. विषाणू थोड्याच पेशींत शिरलेला असतो. पण त्याच्या वावरानं बाकीच्या पेशीही रात्रंदिवस जाग्या राहतात. शरीराला धोक्याचा इशारा मिळतो, तो पुन्हा मागं घेतलाच जात नाही. जागून जागून पेशी झिजतात, लवकर मरतात. ज्या उरतात त्या मोजणीत येतात, पण खरा शत्रू आला तर उठतीलच असं नाही.

जमादारांनी ते मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे बंदोबस्त."

त्यांचा बंदोबस्त मुखेडच्या अंगाला एका गावी होता, टँकर भरायच्या जागी. "एक दगड पडला, ताई. एकच. कोनाला लागला बी न्हाई. त्या दिसापासून आमी तीन महिने झाले उभं राहून राहिलोत. दगडानं कोनी मेलं न्हाई. उभं राहून तिघं आडवे झाले." त्यातच नव्या जिल्ह्याची हवा उठली होती. दोन गावांना मुख्यालय हवं होतं. आज ह्या गावात बंद, उद्या त्या गावात रास्ता रोको. टँकरवरून सुटलेला माणूस थेट तिथं उभा केला जाई. जिल्हा कुणाला मिळेल, असं मी सहज विचारलं. "ते मुंबईला ठाव. मला चौक मिळाला हाय."

त्यांना विषाणूला रोखणारी गोळी हवी होती. त्या काळी नियम असा होता, की टी-पेशींचा आकडा ठरलेल्या रेघेखाली उतरला, किंवा क्षयासारखा आजार जडला, तरच गोळ्या सुरू करायच्या. जमादारांचा आकडा दर सहा महिन्यांनी थोडा उतरत असे आणि रेघेच्या वरच थांबत असे. "अजून नाही, जमादार," मी म्हणत असे. "नियमात बसत नाही."

"आकडा म्हंजे हजेरीपटच की," ते एकदा म्हणाले. "आमच्या ठाण्याच्या पटावर लई नावं हायेत. त्यातले उभं राहू शकनारे किती, ते कोन लिवतं?"

 त्यांनीच विषय सोडून दिला. "पाच वर्सं ऱ्हायली नोकरीची. सुटलो की पैलं काम झोपायचं. खाटंवर, दिवसाउजेडी. तेवढ्यापुरतं अंग शिल्लक पायजे, म्हनून इचारलं."

प्रत्येक भेटीत आम्ही प्रत्येकाला चार प्रश्न विचारत असू. खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, घाम सुटतो का. चारांपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर थुंकी तपासायची, कारण अशा शरीरात क्षय आधी दबा धरतो. मे महिन्यातल्या त्या भेटीत मी हे प्रश्न विचारले, तेव्हा पंखा बंद होता आणि बाहेर चाळीस माणसं उभी होती.

"खोकला?"

"टँकरमागचा धुरळा, ताई. दुसरं काय."

"ताप?"

"उन्हात उभं केलं तर दगुड बी तापतो."

"वजन?"

त्यांनी पट्ट्याकडं बोट दाखवलं. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं एक नवं भोक होतं, ओबडधोबड, कडांचं कातडं अजून पांढरं. "दुस्काळ हाय. जनावरांकडं बघा, मंग माझ्याकडं बघा."

"घाम?"

"मे म्हैना हाय."

मी हसले. हाताखालच्या कार्डावर चार वेळा 'नाही' लिहिलं. लिहिताना माझ्याच घशात धुरळा होता, माझ्याच पाठीवरून घाम ओघळत होता, आणि त्या महिन्यात वजन न घटलेला माणूस मी पाहिला नव्हता. सगळेच वाळले होते. त्यांतला एक आजारानं वाळतोय, हे दिसायला आजूबाजूला कुणीतरी ओलं, हिरवं असावं लागतं. जमादार उठले. जाताना नेहमीसारखं म्हणाले, "शांतता हाय." बंदोबस्तावरून वरिष्ठांना रोज द्यायची खबर ती.

पुढच्या तारखेला ते आले नाहीत. चौकात उभ्या उभ्या कोसळले, तेव्हा लोकांना वाटलं ऊन लागलं. तिकडच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. क्षय दोन्ही फुफ्फुसांत पसरला होता. क्षयाचं औषध लगेच सुरू झालं. क्षय जडलेल्या माणसाला रेघेची अट नसते. त्यांना हवी होती ती गोळी आता मिळणार होती. फक्त क्षयाचं औषध अंगवळणी पडायला आधी दोन आठवडे जाऊ देतात. जमादार अकराव्या दिवशी गेले.

ही बातमी मला दूरध्वनीवर कळली. मी त्यांचं कार्ड काढून समोर ठेवलं. चार 'नाही', माझ्याच अक्षरात, वळणदार, एकाखाली एक. माझं अक्षर सुंदर आहे असं सगळे म्हणत. डोळ्यांत काही आलं नाही. पुढच्या माणसाला मी आत बोलावलं आणि तक्ता उघडला.

काही वर्षांनी ती रेघच पुसली गेली. आता आकडा कितीही असो, निदान झालं की गोळ्या सुरू होतात. शरीराचं ते अखंड जागणंच घातक असतं, ते जितकं लवकर शमेल तितकं बरं, असं प्रशिक्षणात आम्हांला शिकवलं. मी वहीत उतरवून घेतलं. उतरवताना ऐकू येत होता तो शिकवणाऱ्याचा आवाज नव्हता.

पण ते पुढचं. जमादार गेल्यावर महिन्याभरात त्यांची बायको आली होती. तिला मी ओळखत होते. जमादारांचं निदान झालं तेव्हा तिलाही तपासणीला आणून, त्यांनीच तिला सगळं सांगितलं होतं, आणि तिचा अहवाल निर्दोष आला होता. आता ती आली होती ती क्षयाच्या तपासणीसाठी. घरात एकाला झाला की बाकीच्यांनाही तपासतात. ती स्टुलाच्या कडेवर बसली. हातांना भाकरीच्या पिठाचा वास होता. तिनं माझ्याकडं काही मागितलं नाही, मला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मालक तुमचं नाव काढायचे. ताई समदं नीट इचारून घेती म्हनायचे."

मी पेन उघडलं. "खोकला आहे का?"

"हाय जरा. धुरळ्याचा."

मी 'हो' लिहिलं.

तिनं कार्डाकडं पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण 'नाही'ची दोन अक्षरं न पडता एकच पडलं हे तिला दिसलं असावं. "धुरळ्याचाच हाय, ताई. आमच्याकडं समद्यांनाच हाय."

"असू दे," मी म्हटलं, आणि थुंकीची डबी तिच्या हातात दिली.

ती डबी पदराआड धरून बाहेर उन्हात गेली. भिंतीकडं तोंड करून ती खोकत होती, ते मला खिडकीतून ऐकू येत होतं. चार दिवसांनी अहवाल आला. खोकला खरोखरच धुरळ्याचा होता. मी लिहिलेलं खोडलं नाही.