बाबांचा आवाज आणि केकाटणारा डबा

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज पहिल्यासारखा राहील की नाही, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. हाताशी तीन आठवडे होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी माझ्या मुलीसाठी साताऱ्याकडच्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायच्या, असं आम्ही ठरवलं. तिचं मराठी जयपुरात वाढलेलं. ‘आजोबा, मतलब मग काय झालं?’ असं विचारते.

आमच्या जवाहर नगरच्या घरात जिन्याखाली एक जुना सर्व्हर आहे, झालाना भागातल्या माझ्या ऑफिसने काढून टाकलेला. त्या एका यंत्रात मी तीन आभासी संगणक चालवते, एका घरात तीन बिऱ्हाडं असावीत तसे. त्यातल्या एका बिऱ्हाडात बाबांचा आवाज राहायला आला. वीज गेली की यूपीएसची बॅटरी सर्व्हरला पंधरा मिनिटं तगवते. पाच मिनिटं वाट पाहायची, मग तिन्ही बिऱ्हाडांना कामं आवरून बंद व्हायला सांगायचं आणि सर्वांत शेवटी सर्व्हर बंद करायचा, हे सगळं आपोआप होईल अशी सोय मी केली होती. ऑफिसात माझं कामच हे, त्यामुळे जरा ऐटीतच होते.

पहिल्याच आठवड्यात दुपारी वीज गेली, सर्व्हर काम न आवरताच बंद पडला आणि बाबांच्या त्या दिवसाच्या गोष्टींच्या फाइली बिघडल्या. दुसरीकडे नक्कल रात्री निघायची, तोवर त्या फक्त तिथेच होत्या. बाबा पुन्हा सांगायला बसले, पण आता दहा मिनिटांत त्यांचा घसा बसायचा. मी यूपीएसचा प्लग काढून तपासलं, तर सगळं शहाण्यासारखं बंद झालं. चार वेळा पाहिलं, चारही वेळा झालं. मग मी ऑफिसात असताना वीज गेली आणि पुन्हा सगळं मुसळ केरात. नोंदी पाहिल्या: वीज गेली, आणि दोन मिनिटांनंतर पुढे काहीच नाही. बॅटरी खराब असणार म्हणून सोडाल्याच्या बाजारातून नवी आणली. तरी तेच.

मला भयंकर राग आला होता. ऑपरेशनला आठ दिवस राहिले होते आणि एक डबा मला दाद देत नव्हता. मी रजा टाकली आणि कुणाला न सांगता मेन स्विच खाली ओढून जिन्यावर, वरच्या पायरीवर बसून राहिले.

यूपीएस केकाटायला लागलं. बाबा खोलीतून आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि यूपीएसचं बटण दिवा विझेपर्यंत दाबून धरलं. सर्व्हर जागच्या जागी गप्प झाला.

“बाबा, हे तुम्ही दर वेळी करता?”

“मग? वीज गेली की जास्तीचं बंद करावं, बॅटरी वाचते. लहानपणापासून सांगतोय तुला.”

विमा कंपनीच्या नोकरीत गावोगाव बदल्या झाल्या, पण हा नियम त्यांनी कुठल्याच घरात मोडला नव्हता. मी प्लग काढायचे तेव्हा स्वतः तिथेच उभी असायचे, म्हणून ते उठतच नव्हते.

“तुमचाच आवाज होता त्यात,” मी म्हणाले. “तुम्हीच बंद करत होतात.”

ते खालच्या पायरीवर बसले. मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द निघून गेला होता.

त्याच दुपारी मी पाच मिनिटांची मुदत अर्ध्या मिनिटावर आणली, यूपीएसचा आवाज बंद केला आणि दर तासाला नक्कल निघेल असं केलं. बटणावर चिकटपट्टी लावायला निघाले, तर बाबा म्हणाले, “नको. मी हात लावणार नाही.” ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत ते रोज बोलत राहिले, थांबत, पाणी पीत.

ऑपरेशननंतर महिनाभर बोलायची मनाई होती. अशाच एका दुपारी वीज गेली. बाबा सवयीने खुर्चीतून अर्धे उठले, थांबले, परत बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले. आम्ही दोघं जिन्याखाली बघत राहिलो. थोड्या वेळाने सर्व्हरचा दिवा आपला आपण विझला.

वीज आल्यावर मी तो सुरू केला. मुलीने गोष्ट लावली. आवाज मध्येच खरखरत होता, पण पूर्ण होता. गोष्ट संपेपर्यंत बाबांनी मांड्यांखालचे हात काढले नाहीत.