पिंपळनेरच्या फडातला दगड

मी जन्मात कधी लंगोट कसला नाही. पण आमच्या गावचा पैलवान मातीत उतरला की माझेच दंड फुरफुरायचे. त्या चैत्रात रोज पहाटे प्रभातफेरीत अहिंसेच्या घोषणा देऊन माझा घसा बसला होता, आणि त्याच आठवड्यात पिंपळनेरच्या कुस्त्यांच्या फडात पंचांनी आमचा पैलवान चीत ठरवला. खांदा टेकलाच नव्हता, हे आम्हा सगळ्यांना पन्नास हातांवरून स्पष्ट दिसलं होतं! मी दगड उचलला आणि पिंपळनेरकरांच्या घोळक्यात भिरकावला. तो लागला माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या, दाजींच्या कपाळाला.

मग दोन्हीकडून दगड सुरू झाले. पळता पळता विहिरीपाशी पाहिलं, तर ते दोन्ही पैलवान एकमेकांच्या पाठीवरची माती धूत हसत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तरी घरी तोंड उघडलं नाही.

पंधरा दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी यायलाच हवी. तिला आणायला मुराळी म्हणून गाडी जुंपून मीच गेलो. बहीण गाठोडं घेऊन दारात उभी होती, पण तिचे सासरे ओट्यावरून हलेनात.

"ज्या गावनी मन्हा पोऱ्यानं डोकं फोडं, त्या गावले सून धाडाव नही."

बहिणीने गाठोडं खाली ठेवलं. ते काही मला बघवेना.

"आबा, गावनी नही, मी फोडं," मी म्हणालो.

दाजी घरातून बाहेर आले. कपाळावर अजून हळदीची पट्टी होती. "माले ठाऊक शे. मी तुले दगड उचलताना देखं," ते म्हणाले. मग वडिलांकडे वळले. "आबा, मी बी एक फेका व्हता. तो कोणाले लागना, ते माले आजून माहीत नही."

सासरे ओट्यावरून उठले. म्हणाले, "बैलंसले पाणी पाजा. ऊन व्हवाना आधी निंघा."

बहीण वाटभर माझ्याशी बोलली नाही. पण आली.

पुढच्या वर्षी फड सुरू होण्याआधी दाजी आणि मी टोपल्या घेऊन मैदानातले दगड वेचत फिरलो. लोक हसले, काहींनी मदतही केली. त्या दिवशी आमचा पैलवान पुन्हा हरला. रागाने माझा हात आपोआप खाली गेला. जमिनीवर नुसती माती होती.