रेडिओवाल्या आबांची उलटतपासणी

रेडिओवाल्या आबांनी उभ्या जन्मात कुणावर विश्वास ठेवला नाही, आणि त्यांच्याइतकी माणसं आमच्या मावळात कुणी जोडली नाहीत. या दोन गोष्टी एकाच धोतरात कशा मावल्या ते मला सांगता येणार नाही, पण मावल्या होत्या, मी बघितलंय. आबा देवळात उलट्या पावली जात. देवाला पाठ दाखवू नये म्हणतात. आबा चपलांना पाठ दाखवत नसत. हॉटेलवाल्याने चहात साखर जास्त घातली की कप बाजूला ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत बसत आणि म्हणत, "आज काय काम काढलंस?" पोरगी बघायला पाहुणे आले आणि गोड बोलले, तर आबा आतल्या खोलीत जाऊन सांगत, "लय गोड बोलत्यात. चौकशी करा." स्वतःच्या सावलीवरही त्यांचा भरवसा नसावा, कारण भर उन्हात ते भिंतीच्या कडेकडेने चालत.

कामशेतच्या पुढे रेल्वे लाइनीला लागून आमचं गाव. तेव्हा वीज आली नव्हती. सरकारने ग्रामपंचायतीला एक रेडिओ दिला होता. तो लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली आबांच्या करदोट्याला. बॅटरी चांगली विटेपेक्षा मोठी. ती कपाटात मावेना म्हणून खालच्या फळीवर ठेवायची आणि वायर भोकातून आत घ्यायची. दिवस मावळला की आबा रेडिओ लावत, पंचायतीच्या ओट्यावर गाव जमे, बाजारभाव आणि बातम्या ऐके. रेडिओवरही आबांचा संशयच. "पुण्यात बसून ह्याला कांद्याचा भाव कोण सांगतं? त्याचाच कांदा आसंल," असं म्हणून ते कपाटाच्या मागे डोकावून येत. बातम्या संपल्या, कुलूप लागलं, की खरी बैठक सुरू व्हायची. लढाई, धान्याची टंचाई, मुंबईचे मंत्री, शेजारच्या गावचं धरण, कुणाची म्हैस, सगळं त्या ओट्यावर निकालात निघे. आणि भांडणंही होत. माणसं जमली आणि भांडण नाही, असा ओटा मी पाहिला नाही.

मी गावचा नव्हतो. रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होतो, फाटकाजवळच्या खोलीत राहत होतो. बायको तापात गेली. लेकरू नव्हतं. दिवस रुळावर जायचा, पण संध्याकाळी खोलीत पाय ठेवला की भांडी माझ्याकडे बघत बसत. ते मला सोसेना, म्हणून मी ओट्याकडे निघालो. दुसरीकडे कुठे जावं अशी जागा मला नव्हती.

"कुटला?" आबांनी विचारलं.

"फाटकावरचा."

"फाटकावर कुणी जलमत न्हाई. गाव?"

"जुन्नरकडचं."

"मग जुन्नर सोडून हिकडं का? तितं काय केलंस?"

"काय न्हाई केलं. नोकरी लागली."

"काय न करता नोकरी लागली?" आबा लोकांकडे वळले. "बघा बरं. मला तर कुटं लागली न्हाई."

सगळे हसले. माझे कान तापले. आबांनी पुढे विचारलं, "हितं कशाला आलास?"

"रेडिओ ऐकाया."

"समदे हेच सांगत्यात," असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातलं पोतं उचललं, ओट्याच्या कडेला झटकलं आणि आपल्या गुडघ्याला लागून अंथरलं. "बस हितं. माज्या नजरंखाली. आन आधी नुसतं ऐकायचं. हितं कोण कुणाचा दाजी आन कुणाचा दावेदार ते कळल्याबिगर त्वांड उघडू नको."

पुढे पुढे माझ्या लक्षात आलं, की नवा माणूस आला की हे असंच व्हायचं. आधी उलटतपासणी, मग पोतं. एकदा ठाकरवाडीवरचा एक माणूस ओट्याखाली अंधारात उभा राहून बातम्या ऐकू लागला. त्याला वर बोलवावं असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि दोघातिघांना तो वर यायलाही नको होता. आबांना मात्र चैन पडेना. "तो तितं अंधारात काय करतोय? मला त्याचं त्वांड दिसत न्हाई. वर घ्या त्याला." एकजण पुटपुटला, की त्यांची रीत खाली उभं राहायची आहे. आबा म्हणाले, "रीत तुजी आसंल. मला दिसाया पायजे. उद्या काय झालं तर मी कुणाचं त्वांड सांगू?" तो माणूस वर येऊन बसला तो कायमचा बसला. भाताच्या रोगावर त्याच्याइतकं कुणी बोलत नसे, पण बोलला की आबा म्हणत, "हे तुला कुणी शिकवलं? नाव सांग." आणि तो बिचारा दरवेळी आपल्या बापाचं नाव सांगे.

भांडण मिटवायची आबांची रीतही त्यांच्या संशयातूनच आलेली. दोघे हमरीतुमरीवर आले, की आबा चंची सोडत. एकाच्या हातात सुपारी देत, दुसऱ्याच्या हातात अडकित्ता. दोघांना शेजारी बसवत आणि म्हणत, "तुमच्यातल्या कुणाकडं दोन्ही दिलं तर पळवाल." आता सुपारीवाला अडकित्त्यावाचून काय करणार? तो मुकाट्याने सुपारी पुढे करी, हा कातरून देई, मग पान, मग चुना. तोंड भरलं की शिवी देता येत नाही, रस वाया जातो. थुंकायला एकदा दोघे मिळून ओट्याखाली उतरले, की भांडण तिथेच राही.

एका संध्याकाळी आबांनी कुलूप काढलं, बटण फिरवलं, तर रेडिओ मुका. खाली वाकून बघतात तर फळीवर बॅटरीच नाही. ओट्यावर मयत झाल्यासारखं झालं. गिरणीवाला, आमच्या गावचा मोठा आवाज, तो उठून उभा राहिला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्यात इचार काय करायचा? गावचा कोण चोरंल? रेल्वेवाले रुळाचं लोखंड ठिवत न्हाईत, ह्यो बॅटरी ठिवंल व्हय? दुपारी ह्येला मी पंचायतीवरनं जाताना बघितलाय."

मी गेलो होतो हे खरं होतं. स्टेशनवर जायची वाट तीच. मी सगळ्यांकडे बघितलं, सगळे खाली बघत होते. मनात म्हटलं, संपलं. बॅटरीचं मला काही नव्हतं, पण उद्या संध्याकाळपासून पुन्हा त्या भांड्यांसमोर बसायचं होतं. मी पोत्यावरून उठलो.

आबांनी माझं धोतर धरून मला खाली बसवलं. मग गिरणीवाल्याला म्हणाले, "हितं संशय कोण घेतं?"

"म्हंजे?"

"इतकी वरसं ह्या ओट्यावर संशय कोण घेतं?"

"तुमी, आबा."

"मग तू कवापासनं घ्याया लागलास? ह्या गँगवाल्यावर मी आल्या दिवसापासनं संशय घेतोय. तू आयत्या पिठावर रेघोट्या वढतोस व्हय? मी सगळ्यांवर सारका घेतो. एकट्यावर घेतला तर त्याला संशय म्हणत न्हाईत, त्याला दावा म्हणत्यात. चला, बोंबलणाऱ्याच्या घरापासनं सुरवात."

आबा पुढे, कंदील घेतलेला गिरणीवाला मागे, आणि अख्खा ओटा त्यांच्यामागे. गिरणीवाल्याची म्हातारी चुलीपुढे बसली होती. आबांनी दारातूनच विचारलं, "मावशी, आज घरात नवीन काय आलंय?"

"काय येतंय? तुमची ती बॅटरी हाय," म्हातारी भाकरी उलटत म्हणाली. "ह्योच काल म्हणत व्हता, उतरलीया, ऊन दावाया पायजे. तुमा बाप्यांना कुटला येळ? म्या सांडग्यांसंगं अंगणात ठिवली व्हती. कावळं शिवाया लागलं म्हणून वर लुगडं टाकलं. चांगली तापलीया. सांडग्यांच्या पाटीत हाय, घ्या." त्या दिवसांत सगळेच बॅटरीला ऊन दाखवत. पण तिला तिखटमीठ लावलेल्या सांडग्यांशेजारी वाळत घालणारी ही एकच म्हातारी.

गिरणीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ओट्यावर परतल्यावर आबांनी चंची सोडली. सुपारी त्याच्या हातात दिली, अडकित्ता माझ्या. मी कातरली. सवय नव्हती, जाड कातरली गेली. गिरणीवाला ती कडाकडा चावत म्हणाला, "बस की गँगवाल्या. उठू नको परत." त्या संध्याकाळी रेडिओ खणखणीत वाजला, आणि आबांना त्याचाही संशय आला.

पुढे घरोघर छोटे रेडिओ आले आणि ओटा रिकामा होत गेला. आबा, मी आणि दोनचार म्हातारे उरलो. एकदा मला हिवताप आला, मी चार दिवस गेलो नाही. भर दुपारी आबा फाटकावर हजर. दारातच म्हणाले, "म्हटलं बगावं, हल्ली कुणाकडं बसाया जातोस." आत आले, कोपरान् कोपरा तपासला. चुलीपाशी गेले, मांडणीवरची भांडी बघितली. बायको लावायची तशीच मी ती लावून ठेवत होतो. आबांनी एक तांब्या उचलला आणि होता तिथेच परत ठेवला. मला ज्यांनी माझ्या मामाच्या विहिरीपर्यंत सगळं विचारलं होतं, त्यांनी ही एक गोष्ट कधी विचारली नव्हती.

"नाव काय व्हतं तिचं?"

मी सांगितलं. ती गेल्यापासून ते नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं. आबांनी ते एकदा हळूच म्हणून बघितलं, खरं आहे का खोटं ते पारखावं तसं. मग म्हणाले, "बरं हाय." आणि मडक्यातलं पाणी मला ओतून दिलं.

आबा जाऊनही आता पुष्कळ काळ झाला. मी पेन्शनीत निघालो, गावातच राहिलो. गाव चांगलं आहे, पोरं मला मान देतात. चार दिवस घराबाहेर पडलो नाही तर म्हणतात, आराम करत असतील. कुणाला काही शंकाच येत नाही.