आक्काचे चार रविवार

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवापूरला आमच्या पोल्ट्रीत खाद्य टाकत होते. उरलेल्या रांगा संपवल्या, हात धुतले आणि निघाले. आक्कानेही तेच केलं असतं. महिना झाला, आता लिहिते.

आमचे वडील, आबा, प्यायचे. विसरवाडीत हायवेवर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. प्यायले की अशा नकला करायचे की ट्रकवाले जेवण सोडून हसायचे. आई नव्हती. आम्ही दोघी बहिणी हसायचो नाही... खरं तर आक्का हसायची, तोंडाला ओढणी लावून. मला बघायला आलेल्या दोन्ही स्थळांसमोर आबांनी मुलाच्या बापाचीच नक्कल केली, तेव्हा मात्र ती हसली नाही. आबा शुद्धीत राहिल्याशिवाय माझं लग्न जमणार नव्हतं. तिने विसरवाडीतलं चांगलं चाललेलं शिवणकाम बंद केलं, धानोऱ्याहून स्वतःला आलेलं स्थळ नाकारलं, मला आत्याकडे ठेवलं आणि आबांना घेऊन सीमेपलीकडे गुजरातेत खोली केली. तिथे दारूबंदी, एवढंच तिच्या डोक्यात. टेम्पोत बसताना आबा सगळ्यांना ऐकवत होते, "आख्खं गुजरात पेवाले नवापूरले येस, नि मन्ही पोर माले उलटी वाटे लई जाई ऱ्हायनी."

चूक पहिल्याच रविवारी कळली. त्या गल्लीतले पुरुष दर रविवारी दुपारी प्यायला नवापूरलाच जायचे, आणि त्यांना तिथली खडान्‌खडा माहिती असलेला माणूस आयता मिळाला. आबा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेले. मी फोनवर संतापले, आक्का हसत सुटली. पुढच्या रविवारी तीही जीपमध्ये चढली. बारच्या पायरीवर बसून ब्लाउजांची हातशिलाई करत राहिली, आत जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करत. असे चार रविवार. पायरीवर आक्का नको, म्हणून त्यानंतरच्या रविवारी जीप आबांना न घेताच गेली.

माझ्या लग्नात आबा शुद्धीत होते. कन्यादानाचं पाणी त्यांनी थेंबही न सांडता सोडलं. व्याह्यांकडे बघत त्यांनी मागे बसलेल्या आक्काला हळूच विचारलं, "याहीनी नक्कल करू का?"

"आते नही आबा, घर जाईसन."

त्यानंतर आबा अकरा वर्षं जगले. दारू पूर्ण सुटली असं म्हणणार नाही, दुपार झाली की दाराकडे सरकायचे. ते गेल्यावर मी आक्काला परत बोलावलं. म्हणाली, "आते कोठे येऊ? मन्हं समदं आठेच शे." मी आग्रह केला नाही. करायला हवा होता.

गेल्या आठवड्यात तिची खोली आवरायला गेले. शिवणारी बाई मशीन खिडकीशी ठेवते. आक्काचं मशीन मात्र असं लावलेलं, की बसणारीची पाठ खिडकीला आणि नजर दारावर. इतकी वर्षं ती स्वतःच्याच सावलीत शिवत होती... आबा गेल्यावरही. मी ते ओढून खिडकीशी नेलं, स्टुलावर बसून पाहिलं. उजेड छान पडत होता. दार दिसत नव्हतं.

उठले, आणि मशीन होतं तिथे परत ठेवलं.