मोरपंखी रंगाची मीटिंग

पुण्याहून आम्ही सोलापूरला आलो ते नवऱ्याच्या बदलीमुळे. जुळे सोलापूर भागात भाड्याने फ्लॅट घेतला आणि थोड्याच दिवसांत मला एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. ऑर्डर आली की ती डिझाइन, रंगखातं आणि पॅकिंग यांतून वेळेवर पुढं सरकते का, हे पाहायचं माझं काम. माणसं मायाळू होती. डबे उघडले की शेंगाचटणी आधी माझ्या पोळीवर पडायची. फक्त मीटिंग म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरायचे.

कारण तिथं मीटिंग व्हायची ती काही बिघडल्यावरच. साहेब, म्हणजे कारखान्याचे मालक, सगळ्यांना केबिनमध्ये बोलवायचे आणि विचारायचे, "कुणाची चूक?" लगेच फोन बाहेर निघायचे. प्रत्येकाने आपल्या बचावाचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेले असायचे. कुणी मेसेज दाखवायचं, कुणी त्यावर आलेला अंगठा. शेवटी साहेब कुणावर तरी चिडायचे, बाकीचे सुटल्यासारखे बाहेर पडायचे, आणि पुढच्या ऑर्डरला पुन्हा तेच.

एकदा एका हॉटेलने मोरपंखी नॅपकिन मागवले. माल पोचला आणि त्यांचा फोन आला, "अहो, हे तर कडुलिंबाच्या पाल्यासारखे आलेत." सगळा माल परत आला. साहेब केबिनकडे निघालेले पाहून मी म्हटलं, "साहेब, एकदा मी घेऊ का मीटिंग? पुण्याच्या ऑफिसात आम्ही घ्यायचो तशी."

"घ्या की," ते म्हणाले. "पण निघालं पाहिजे काहीतरी."

पॅकिंगच्या मोठ्या टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या. सगळ्यांच्या फोनवर एक लिंक पाठवली. ती उघडली की एक कोरा फळा दिसायचा, त्यावर तीन रकाने: काय जमलं, कुठं अडलं, पुढं काय करू. ज्याने त्याने आपल्या फोनवरून चिठ्ठी लिहायची, ती सगळ्यांना दिसणार, पण लिहिणाऱ्याचं नाव दिसणार नाही. मी एकच अट घातली. काय झालं ते लिहायचं, कुणी केलं ते नाही.

पहिली चिठ्ठी आली, 'चहा वेळेवर आला.' हसू फुटलं आणि मला बरं वाटलं.

रंगखात्याच्या मास्तरांना टाइप करायचा कंटाळा. घरी तेलुगू बोलणारे, मराठी खास सोलापुरी. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "काही लोकांना रंग कळत न्हाई." क्षणात ती चिठ्ठी निनावी होऊन फळ्यावर उमटली.

सगळ्यांनी डिझाइनच्या मुलीकडे पाहिलं. ती मोडनिंब गावची, एरवी ऑफिसात जपून बोलायची. आता मात्र म्हणाली, "मास्तर, मी फोटो बराबर पाठवलाय. माझ्याकडं हाय."

तिने स्क्रीनशॉट शोधायला घेतला तशी मी मध्ये पडले. "तो राहू दे. मास्तर, रंग कळत नाही म्हणजे नेमकं काय झालं, तेवढंच सांगा."

मास्तरांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फोनला सांगितलं, "फोटो आला. फोटोवरून रंग मिळवला. तसाच मिळाला." शेवटी ते 'मोरपंखी' म्हणाले, पण फोनने भलतंच ऐकलं आणि खाली 'मोर पक्षी' अशी आणखी एक चिठ्ठी चढवली. त्यावर ती मुलगीही हसली. हसत हसतच तिने तो फोटो फळ्यावर लावला.

"ह्यो कुठला?" मास्तर म्हणाले. "मला आलेला दुसरा होता."

"ह्योच की, मास्तर. तुमच्या फोनवर बघा."

मास्तरांनी आपला फोन तिच्या फोनशेजारी ठेवला. फोटो एकच, पण तिच्याकडं निळसर झाक, त्यांच्याकडं चांगला हिरवा. पॅकिंगच्या ताईंनी आपला फोन मांडला, तिथं तिसराच रंग. साहेबांचा नवा महागडा फोन आला, त्यावर तर नॅपकिन चमकायला लागला.

मास्तरांच्या मुलीने त्यांच्या फोनच्या सेटिंगमधून डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पिवळसर पडदा लावून दिला होता. तो काढल्यावर हिरवा थोडा निळा झाला.

"मग ह्यातला खरा कुठला?" मास्तरांनी विचारलं. बराच वेळ सगळे फोन इकडून तिकडं फिरले.

 मग साहेब आपला फोन उचलून मन लावून टाइप करू लागले. फळ्यावर चिठ्ठी आली, 'हॉटेलचा कापडी नमुना आला होता. तो कपाटातच राहिला.'

कपाट कुणाच्या केबिनमध्ये आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीही वर पाहिलं नाही. मलाच हसू आवरेना. ते पाहून साहेब म्हणाले, "मीच म्हणालो होतो की, फोटो टाका, वेळ वाचेल."

"पुढं काय करू, त्या रकान्यात लिहू या," मी म्हटलं.

भराभर चिठ्ठ्या आल्या. फोटो फक्त कळवण्यापुरता. कापड रंगखात्यात गेलंच पाहिजे. रंग खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघायचा. त्या मुलीने लिहिलं, 'मी स्वतः स्कूटीवरून नेऊन देईन.' नाव न घालताही ती कुणाची चिठ्ठी ते कळलंच. स्कूटी तिच्याकडंच होती.

मास्तर उठताना तिला म्हणाले, "पोरी, 'रंग कळत न्हाई' ती चिठ्ठी माझी होती बरं का."

"कळलं की, मास्तर. लई मोठ्यानं लिवली तुमी."

दुसऱ्या वेळी मोरपंखी मोरपंखीच उतरला. त्यानंतर सगळ्या मीटिंगा अशाच गोड झाल्या असं नाही. एकदा साहेबांनी सवयीने "कुणाची चूक?" विचारलं आणि फळा पूर्ण रिकामा राहिला. एकदा धाग्यावरून पॅकिंगच्या ताई आणि मास्तर तावातावाने भांडले. पण फोनमधले स्क्रीनशॉट कमी होत गेले. ताई तर म्हणाल्या, फोनमध्ये नातवाच्या फोटोंना जागा झाली.

मागच्या महिन्यात एक मोठी ऑर्डर कुठंही न अडखळता गेली. मी पुढच्या कामाला लागले होते, तेवढ्यात मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, मीटिंग कधी?"

"मास्तर, या वेळी काही बिघडलंच नाही."

"म्हणून तर म्हणालो," ते म्हणाले. "कसं काय जमलं, ते बी बघू की."

आम्ही बसलो. मधला रकाना रिकामाच राहिला, आणि पहिल्या रकान्यात इतक्या चिठ्ठ्या झाल्या की वाचायला बोटाने फळा खाली सरकवावा लागला. मास्तरांनी आपल्या सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने सांगितल्या.