कानबाईच्या नैवेद्याचा गूळ

रेखा कानबाईपुढे डोलायला लागली आणि मी तिच्या पाया पडले. माझी सून, सातवा महिना, अंगावर घामाच्या धारा, डोळे फिरलेले. बायका ओरडल्या, "अक्का, माय उनी वं!" देवी अंगात आली म्हणून मी तिच्या कपाळाला हळद-कुंकू फासलं आणि विचारलं, "माय, मना पोऱ्यानी बदली धुयाले कवय व्हई?" तिच्या तोंडातून नुसती लाळ गळत होती. पोराची धुळ्याला बदली कधी होईल, मी पुन्हा विचारलं.

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. गरोदरपणात रेखाची साखर वाढली होती. ती रोज बोटातला रक्ताचा थेंब एका लहानशा यंत्रावर तपासायची, मग इन्शुलिनची सुई टोचून घ्यायची. यंत्र तळहातात मावेल एवढं, पोराने मेडिकलमधून स्वस्तात आणलेलं. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू दळायची वेळ आली तसं मी ते उचलून माळ्यावर टाकलं. कानबाई बसते त्या घरात रक्त नको. दळणारी बाई उपाशी हवी, म्हणून तिला उपासही धरायला लावला. ती म्हणाली, "आई, डॉक्टर नको म्हणतात." मी म्हटलं, "डॉक्टरना घरमा कानबाई बसस का?" तिने उपास धरला. सकाळची सुई मात्र तिने सवयीने घेतली.

बायका पाया पडत असताना एक अनोळखी बाई आत आली. सावद्याची, समोरच्या घरची पाहुणी, दार चुकलेली. रेखाचा गार हात धरून म्हणाली, "हिला साखरेचा त्रास आहे का?" तिला स्वतःलाच तो होता, म्हणून पर्समध्ये तसलंच यंत्र होतं. तिने कानबाईसमोरच रेखाचं बोट टोचलं. आकडा आला अडतीस, साखर पार खाली गेलेली. तिने नैवेद्याच्या ताटातला गूळ उचलला, तर मी तिचं मनगट धरलं.

"अजून नैवेद्य दाखवला नाही."

"अक्का, देवी थांबेल. ही नाही थांबायची."

तिने गूळ ओला करून रेखाच्या गालात आतून चोळला, चोळतच राहिली. मग रेखाने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "आई, कुंकू डोळ्यात गेलंय."

तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. परत येऊन मी तोच उष्टा नैवेद्य दाखवला, पण मान वर करवेना. ती दार चुकली की कोणी चुकवली, ते मला सांगता येणार नाही. आता मी मायला काही विचारत नाही. ती पाठवील ते घेते. माळ्यावर टाकलेलं यंत्र देव्हाऱ्याच्या फळीवर आहे.

रेखा वाचली. तिची पोरगीही.